दोरावरचं चंद्रयान

ठाकूरद्वारच्या वाडीत श्यामकांत त्रिलोकेकरांइतका भित्रा माणूस शोधून सापडला नसता. फोर्टातल्या कचेरीत ते रोज चार जिने चढत. लिफ्टचा दोर तुटला तर? रशियाने आभाळात धाडलेली कुत्री परत आलीच नाही, हे वाचून दोन दिवस त्यांना जेवण गेलं नव्हतं. आणि याच गृहस्थांनी अठ्ठावन्न सालच्या गणपतीत वाडीसाठी नाटक लिहिलं, तेही चंद्रावर जाण्याचं!

यानही त्यांनीच बनवलं. फळ्या, तुपाच्या डब्यांचा पत्रा, जागोजाग ठिगळं.

"जरा चकचकीत करा की," वसंत म्हणाला. तो नाटकातला कप्तान.

श्यामकांत चिडले. "पहिलं यान असंच असणार. गळकं, खडखडणारं. चकचकीत यानातून कुणीही जाईल!"

यान कप्पीवरून पंधरा फूट वर ओढायचं आणि खुंट्याच्या खाचेत दोर घालून लाकडी पाचर ठोकायची, अशी योजना होती.

प्रयोगाच्या संध्याकाळी वसंतचा घसा बसला. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत घोषणा देऊन आला होता, तोंडातून नुसती हवा. कप्तानाची भाषणं पाठ होती ती लेखकाला, आणि घरी ऐकून ऐकून त्यांच्या पत्नीला, कालिंदीबाईंना.

शेवटी श्यामकांतच यानात बसून वर गेले. पाचर ठोकली. नवी वस्तू, म्हणून मंडळाच्या दौलतने नारळ आणला आणि दगड सापडेना तेव्हा खुंट्यावरच आपटला.

पडदा उघडला. वरून श्यामकांतना दिसलं, पाचर बोटभर बाहेर आली होती. दोर करकरला, यान हातभर घसरलं. म्हणायचं होतं, "पृथ्वीवासीयांनो, आम्हाला भय नाही!"

"मला भीती वाटते," श्यामकांत म्हणाले. "फार भीती वाटते. दोर सुटतोय. मी खाली आलो नाही, तर घरी सांभाळून सांगा."

प्रेक्षकांतली शेंगदाणे खाणारी तोंडं थांबली. काय झकास लिहिलंय, असं जो तो मनात म्हणत होता.

कालिंदीबाई तेवढ्या ताडकन उठल्या. "अहो, हे नाटकात नाहीये! दोर धरा, दोर!"

दौलत आणि तिघांनी दोर पकडला, तोच पाचर निखळून पडली. टाळ्यांच्या कडकडाटात यान हातहात खाली आलं.

कालिंदीबाईंचा हात श्यामकांतना सोडवेना.

"उद्याचा खेळ रद्द करू," दौलत ओशाळून म्हणाला.

श्यामकांतनी यानाच्या ठिगळांच्या पत्र्यावरून हात फिरवला.

"नको. मीच बसतो," ते कापऱ्या आवाजात म्हणाले. "पण नारळ जमिनीवर फोड, बाबा."