अडुळशाच्या शेजारचा धोतरा

आमचे हे चादरीतून पानं खुडत होते. हॉस्पिटलची चादर पांढरी, कोरी. तरी एकेक पान देठाशी चिमटीत धरून तोडायचे आणि शेजारच्या खाटेवर माझ्याकडे हात लांब करायचे.

"धर," ते म्हणाले. "सुकायच्या आत दाबायला हवीत."

मी धरत होते. पान मला दिसत होतं. थंड होतं, वरून गुळगुळीत, खालून बारीक लव. त्यात काही नवल आहे असं तेव्हा वाटलं नाही. नवल वाटायचं ते नर्सच्या तोंडाकडे बघून. यांच्या छातीला लावलेल्या यंत्राकडे बघून ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "मॅडम, अंकल का हार्ट तो भाग रहा है." त्या हृदयात आधीच एक स्टेंट होता. ते किती वेळ असं पळू शकेल, हे त्या सांगत नव्हत्या.

हे औषधी झाडं ओळखायच्या सरकारी नोकरीत होते. त्यासाठी आम्ही साताऱ्याहून लखनौला आलो आणि परत जायचं राहून गेलं. जानकीपुरमला घर बांधलं. मी चौथी शिकलेली, मला झाडांतलं घरापुरतं कळतं. यांची ओळखायची रीत ऑफिसात प्रसिद्ध होती. पान चुरगळायचं, डोळे मिटायचे, नाकाशी न्यायचं, नाव सांगायचं. लोक मुद्दाम भलतंसलतं पान आणून द्यायचे आणि चहाची पैज हरायचे.

रिटायर झाल्यावरही एक नेम सुटला नाही. थंडी पडली की मागच्या रिकाम्या प्लॉटच्या कडेचा अडुळसा तोडून आणायचा आणि खोकल्याचा काढा स्वतः करायचा. पातेल्याजवळ मला उभं करायचे नाहीत.

कोरोनात आम्हा दोघांचा वास गेला. माझा परत आला. यांचा आला नाही, आणि ते यांनी कोणाला सांगितलं नाही. तुम्हाला कसं कळलं नाही, असं लोक मला विचारतात. दूध करपलं तरी गप्प बसणारा नवरा म्हातारपणी मिळाला, याचा मला आनंदच झाला होता.

त्या सकाळी धुक्यात समोरचं फाटक दिसत नव्हतं. अडुळशाला लागून धोतरा उगवला होता. फूल नसलं, काटेरी बोंड नसलं की धोतरा कोणाच्या डोळ्यात भरत नाही. हे पानं घेऊन आले, ओट्याशी उभं राहून एक चुरगळलं, डोळे मिटले, नाकाशी नेलं आणि मान हलवली. मला सर्दी होती. माझं नाक बंद, यांचं मेलेलं.

"आज कडू जास्त आहे," मी म्हणाले.

"मग काय गुळाचं पाणी हवंय तुला?"

मी अर्धा कप ठेवून दिला. वाया जाऊ नये म्हणून तोही यांनी पिऊन टाकला.

तासाभरात माझी जीभ टाळूला चिकटली. उजेड डोळ्यांत घुसायला लागला. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी शेजारीण खाली आली तेव्हा हे अंगणात भिंतीला 'तुझं नाव काय' म्हणून विचारत होते.

"आंटी, अंकल दीवार से बात कर रहे हैं."

"करने दो," मी म्हणाले म्हणे. "मुझसे तो करते नहीं."

तिनं ई-रिक्षा आणली. धुक्यातून जाताना रस्त्याकडेची झाडं सरकून आम्हाला वाट देत होती. एक कडुनिंब तर बराच वेळ बरोबर चालत आला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "माताजी, क्या पिया था?"

"काढ़ा. अडूसे का."

"अडूसे से ऐसा नहीं होता."

शेजारीण घरी जाऊन पातेल्यातला चोथा स्टीलच्या डब्यात घेऊन आली. डबा उघडला तर आत काळपट लगदा. तो कशाचा हे कोणालाच सांगता येईना. मला जवळचं काही दिसत नव्हतं. तेवढ्यात यांनी डब्यात हात घातला. नोकरीत वाळलेली पानं गरम पाण्यात टाकून उलगडायचे, तसंच एक पान तळहातावर हळूहळू पसरलं. डोळे मिटले. नाकाशी नेलं नाही. कडेवरून नुसतं बोट फिरवलं.

"कड नागमोडी. बूड तिरकं, एक बाजू खाली उतरलेली. अडुळसा असा नसतो."

"मग काय आहे?" मी विचारलं.

"धोतरा. तोडला कोणी हा?"

"तुम्ही."

"शक्य नाही. मला वास आला असता."

मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "धतूरा." त्या लगेच उठल्या. आम्हा दोघांना इंजेक्शनं दिली. जरा वेळानं हे माझ्याकडे वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "नाक गेलंय माझं. ऑफिसात सांगू नकोस." ऑफिस सोडून किती वर्षं झाली होती. मी म्हटलं, "नाही सांगत."

मग वॉर्डाच्या भिंती गेल्या. लग्नानंतर यांनी मला तराईच्या जंगलात नेलं होतं, तेच जंगल आलं, तसंच ओलं. मधूनमधून सलाईनची दांडी दिसायची, पण तिलाही पालवी होती. हे पुढे, मी मागे.

"हा ऐन," ते म्हणाले. "साल बघ, मगरीच्या पाठीसारखी. हा त्याचा भाऊ अर्जुन. साल पांढुरकी, पानाच्या देठापाशी दोन गाठी. हृदयाला चांगला."

"मग तोच का नाही उकळलात?"

ते हसले. फार दिवसांनी हसले. बेहड्याखाली फळं पडली होती, ती मी ओच्यात गोळा केली. ओचा जड झालेला मला समजत होता. हे नावं सांगत राहिले आणि मी प्रत्येक नावाला हूं म्हणत राहिले. आवाज पुढे पुढे जात होता. मी पायांना घाई करायला सांगत होते, पण पाय कोमट पाण्यात असावेत तसे उचलत नव्हते. एका झाडाचं नाव मला नीट ऐकू आलं नाही. ते मी परत विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझी नजर जागेवर आली. तोंडाला ओल आली, छताचा पंखा पंखाच दिसला. यांचं हृदय सकाळीच थांबलं होतं. काढा दोघांनी घेतला होता. मी वाचले.