बंद म्हणू नये

माझ्या कामात शब्द सरळ लागतात. वीज बंद केली की स्विचला कुलूप घालायचं आणि त्याला टॅग अडकवायचा: बंद आहे, कोणी केलं, का केलं. टॅग लिहिताना कोणी गोडगोड बोलायला गेलं, तर पलीकडे तारेला हात घालणारा माणूस मरेल. आधी नागपुरात आणि नंतर इंग्लंडमध्ये मी हेच शिकलो आणि हाताखालच्या लोकांना हेच शिकवलं. त्यामुळे असेल किंवा वडिलांमुळे असेल, आडून बोलणारी माणसं मला सोसत नाहीत. आम्ही नागपूरचे बौद्ध. वडिलांनी शुभ आणि अशुभ हे दोन्ही शब्द घराबाहेर काढले होते, आणि ते मागच्या दाराने परत येऊ नयेत म्हणून त्यांचा पहारा असे.

क्रॉयडनमधल्या एका सरकारी इमारतीची देखभाल माझ्याकडे होती. बॉयलर, लिफ्ट, नळ, दिवे, आगीची घंटा, छताची गळती आणि त्या छतावरची कबुतरं, सगळं माझ्याच गळ्यात. ज्यांच्यासाठी ही इमारत होती ती माणसं खालच्या हॉलमध्ये बसत. या देशात राहायची परवानगी मागायला आलेली, मांडीवर कागदांची फाइल घट्ट धरून बसलेली. मीही एकदा असाच बसलो होतो. त्यांचं काय करायचं ते वरच्या मजल्यांवर ठरायचं. माझ्या हातात एवढंच होतं की बसल्याजागी त्यांना थंडी वाजू नये, आणि ते मी जिवापाड सांभाळायचो.

हॉलच्या कोपऱ्यात चहाचं काउंटर होतं. ते चालवणाऱ्या बाई मराठी आहेत हे मला कळलं, ते त्यांचा पाण्याचा बॉयलर अचानक बंद पडला तेव्हा. मी मागे जाऊन उभा राहिलो, तर त्या त्याच्याशीच बोलत होत्या. "रुसलं मेलं आज पुन्हा."

"रुसलं नाही, ताई. फ्यूज गेलाय," मी म्हणालो.

त्या दिवसापासून मी भाऊ झालो. साठी ओलांडलेल्या, मूळच्या साताऱ्याकडच्या, लग्न होऊन हाउन्सलोला आलेल्या. नवऱ्याचं तिथे कोपऱ्यावर छोटं दुकान होतं. मुलगी लहान असतानाच तो गेला, दुकानही गेलं, आणि बाई दुसऱ्यांच्या कपबशा विसळायला लागल्या. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही चहा गाळता गाळता, आणि वर म्हणाल्या, "साखर कमी करा आता, भाऊ. पोट बघा." मी त्यांच्यावर चिडायचो आणि रोज त्यांच्याचकडे चहा प्यायचो.

मग खातं ही इमारत सोडणार असं ठरलं. इमारत जुनी, खर्चीक, आणि दुसरीकडे नवी काचेची तयार होती. मला आधी कळवलं गेलं, कारण इमारत रिकामी करायची म्हणजे माझंच काम. ज्या दिवशी सगळ्यांना जाहीर झालं, त्या दिवशी मी काउंटरपाशी गेलो आणि सरळ सांगितलं, "ताई, ही बिल्डिंग बंद होणार. नव्या जागेत काउंटर नाही. मशीन बसवणार आहेत."

त्यांनी आधी हातातला कप पुसून ठेवला. "बंद म्हणू नये, भाऊ. वाढवायची म्हणावं."

"काय?"

"दुकान वाढवतात. दिवा वाढवतात. बांगडी फुटली तरी वाढली म्हणतात. तुमच्याकडे नाही म्हणत?"

"आमच्याकडे बंद झालं की बंद म्हणतात आणि फुटलं की फुटलं."

"मग तुमच्याकडे फार फुटत असेल," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला चहा दिला.

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. त्या वयात त्यांना दुसरं काम कोण देणार होतं? मी त्यांच्यासाठी शब्द टाकला, दोन ठिकाणी विचारलं. दोन्हीकडून गोड नकार आला.

पण बाईंची काळजी वेगळीच होती. त्यांच्या मुलीला ग्लासगोच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्टची जागा मिळत होती. तिला लहान मुलांमध्येच काम करायचं होतं आणि अशी जागा रोज निघत नाही. आधी एकदा अशीच लीड्सची जागा तिने सोडली होती, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून. आता आईचं काम सुटतंय हे कळलं, तर ती हीसुद्धा सोडणार, यात बाईंना शंका नव्हती. "माझ्या पायी एकदा अडली. पुन्हा नाही अडू देणार," त्या म्हणाल्या. हे बोलताना त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. मी म्हणालो की शेवटी तिला कळणारच. त्या म्हणाल्या, "मी सांगितलंय तिला."

"काय सांगितलंत?"

"आमचं ऑफिस वाढवताहेत म्हणून."

मुलगी इथे जन्मलेली, इथे शिकलेली. तिचं मराठी म्हणजे आईकडून ऐकलेलं, लिंगवचनाची सरमिसळ असलेलं. वाढवणे म्हणजे मोठं करणे, एवढंच ती धरणार. आणि तिने तेच धरलं होतं. आईला फोनवर म्हणाली होती, वा, मग तुला मोठं काउंटर मिळेल.

मला संताप आला. "हे नरो वा कुंजरो वा झालं, ताई. त्यापायी धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला होता."

"माझा रथ कधी वर होता, भाऊ? मी ट्रेननेच येते." मग हळूच म्हणाल्या, "खोटं कुठं बोलले? तुम्हीच सांगा, एक तरी शब्द खोटा आहे का?"

नव्हता. तेच मला टोचत होतं.

हळूहळू मजले रिकामे होऊ लागले, वरून खाली. रिकामी इमारत भरलेल्या इमारतीपेक्षा जास्त काम काढते. नळ वापरात नसले की पाणी नळीत साचतं आणि त्यात रोगाचे जंतू होतात. म्हणून दर आठवड्याला प्रत्येक मजल्यावर जाऊन, कोणी नसताना, एकेक नळ सोडून उभं राहायचं. समोर गालिच्यावर टेबलांचे चौकोन उमटलेले, भिंतीवर कोणाच्या तरी मुलाचं चिकटवलेलं चित्र राहून गेलेलं, आणि मी नळाचं पाणी वाहताना बघतोय. या खोल्यांतून किती जणांना हो म्हटलं गेलं आणि किती जणांना नाही, ते भिंतींना ठाऊक. एका दुपारी मला तिथे रडू आलं. लाज वाटली नाही, कारण बघायला कोणी नव्हतं. शिवाय नळ चालूच होता.

समोरच्या दारावर नोटीस लागली, मोठ्या अक्षरात, हे कार्यालय बंद होत आहे म्हणून. लावली मीच. तेव्हापासून मुलगी आईला न्यायला आली की बाई तिला मागच्या दाराने बोलवायला लागल्या, जिथून माल येतो तिथून. "पुढे फार गर्दी असते," हे कारण. पुढे तर कावळाही फिरकत नव्हता.

असंच एकदा मुलीने मला मागच्या दारात गाठलं. आईचा भाऊ म्हणून मी तिचा मामा होतो. तिने विचारलं, "मामा, कुठला साइडला वाढवतायत?"

बाई तिच्या मागे उभ्या होत्या. हातात पिशवी, नजर माझ्यावर. मला आयुष्यात इतक्या जणांनी इतके प्रश्न विचारले, बॉयलर का बंद आहे, लिफ्ट कधी चालू होणार, आणि मी प्रत्येकाला खरं सांगितलं, शिव्या खाल्ल्या तरी. त्या दिवशी मी म्हणालो, "सगळ्याच बाजूंनी."

पोरगी हसली. "नाइस," म्हणाली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पिनरला घरी आल्यावर बायकोने विचारलं तेव्हा मी तिच्यावरच खेकसलो.

ग्लासगोला जायच्या आदल्या आठवड्यात मुलगी पुन्हा आली. बाई आत कपाट आवरत होत्या. मी मागच्या अंगणात पाण्याच्या मुख्य नळावर टॅग बांधत होतो, इमारतीच्या एका बाजूचं पाणी तोडायचं होतं म्हणून. ती येऊन शेजारी उभी राहिली आणि टॅगवरचं वाचलं. कायमचं बंद, असं इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं होतं. मी टॅगवर हात ठेवला, लहान मुलासारखा. आता झाकून काय उपयोग होता?

"राहू दे, मामा," ती म्हणाली. "मला माहितीये."

"काय माहितीये?"

"पुढचा दारावर एवढी मोठी नोटीस आहे. मी ट्रामने येते. ट्राम तिथेच थांबते."

मी टॅगवरचा हात काढला. ती दाराकडे बघत होती, आई येत नाही ना याची खात्री करत. मग तिने जे सांगितलं ते अर्धं इंग्रजीत आणि अर्धं तिच्या मोडक्या मराठीत होतं, पण त्यातला एकही शब्द मी विसरलेलो नाही.

"नोटीस नसती तरी कळलं असतं. बाबा गेले ना, तेव्हा आई म्हणाली, दुकान वाढवलं. मला वाटलं, दुकान मोठा होणार. मी स्कूलमध्ये सगळ्यांना सांगितलं. टीचरला पण सांगितलं की आमचा शॉप बिगर होणार, तुम्ही सगळे या. मग रोज घरी जाताना मी बघायचे, शटर उघडला का. नेव्हर ओपन्ड. तो शब्द मी कसा विसरीन, मामा?"

"आईला माहीत आहे हे?"

"नाही. तिला कधी नाही सांगितलं. शी वुड बी सो सॅड."

मला तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. माझ्या हाताला ग्रीस होतं, म्हणून नाही ठेवला. मी विचारलं, "मग सगळं माहीत असून तू जातेस?"

"मी नाही गेले तर तिला वाटणार, पुन्हा तिच्यामुळे. ती स्वतःला माफ नाही करणार. म्हणून मी जाते. पण तिथे घर मी दोघींचं घेतलंय. आत्ता सांगितलं तर ती म्हणणार, माझं काम आहे इथे, मी कशी येऊ. तिचं काम संपलं की मग सांगणार. तुम्ही मला मेसेज कराल? लास्ट डेला, सगळं झालं की?"

मी हो म्हणालो. तेवढ्यात बाई पिशवी घेऊन बाहेर आल्या, मला म्हणाल्या, "काय गप्पा चालल्यात?" मी म्हणालो, "काही नाही, बांधकामाच्या." मुलीने जाताना मला, "मामा, जाते," म्हटलं. बाईंनी तिथल्या तिथे टोकलं, "जाते म्हणू नये. येते म्हणावं."

शेवटच्या दिवशी हॉलमध्ये मी, दोन सामान हलवणारे आणि बाई एवढेच उरलो होतो. खुर्च्या गेल्या होत्या, म्हणून हॉल वाटला होता त्यापेक्षा लहान दिसत होता. बाईंनी काउंटर पुन्हा एकदा पुसलं, दुसऱ्या दिवशी कोणी येणार असल्यासारखं. त्यांचा चहाचा बॉयलर रिकामा करून मी वायर काढली. तळमजल्याचा मुख्य स्विच तेवढा राहिला होता. माझ्या खिशात टॅग तयार होता.

बाई बघत होत्या. मी हात स्विचवर ठेवला आणि म्हणालो, "चला ताई. वाढवूया."

त्यांचे डोळे भरून आले. "शिकलात म्हणायचे," त्या म्हणाल्या.

मी स्विच खाली ओढला. दिवे गेले. खिडक्यांतून दुपारचा उजेड येत होता, तेवढा पुरे होता. मी कुलूप घातलं आणि टॅग अडकवला. टॅगवर मात्र बंदच लिहिलं होतं, ते मी बदललं नाही. मग पाठ फिरवून मोबाइल काढला आणि मुलीला एकच शब्द पाठवला: वाढवलं.

उत्तर लगेच आलं. कळलं, मामा.

आम्ही पुढच्या दाराने बाहेर आलो. नोटिशीवरून बाईंनी नजर वळवली. त्यांच्या पिशवीत फोन वाजला. त्यांनी पदराने डोळे पुसले, घसा साफ केला आणि अगदी नेहमीच्या आवाजात सुरुवात केली, "हां बोल गं. काम चाललंय इथं, कालवा आहे नुसता, नंतर बोलू का?"

रस्त्यावर एक ट्राम येऊन थांबली आणि गेली. बाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि दारासमोरच्या पायरीवर बसल्या.

"काय म्हणालीस?" त्या म्हणाल्या. "खोल्या किती?"