आई गौर आणत असताना समोर उभं राहू नये

आमच्या आईला तिचे पाय कुठे आहेत ते कळत नाही. पाय असतात जागेवरच, पण खाली बघितल्याशिवाय तिला खात्री नसते. इतक्या वर्षांच्या डायबेटिसने तळव्यांची जाणीव गुपचूप पळवली होती, आणि आम्हाला त्याचा पत्ता लागला तो ती भाजी घेऊन एकाच पायात चप्पल घालून घरी आली तेव्हा!

"आई, दुसरी चप्पल कुठंय?"

"आहे की पायात," आई म्हणाली, आणि मग तिने खाली पाहिलं.

(चप्पल कोपऱ्यावरच्या रसवंतीपाशी सापडली. तिच्यावर कुत्रं झोपलं होतं आणि ते उठायला तयार नव्हतं.)

हे हसण्यावारी गेलं असतं, पण त्याच वर्षी गौरी आल्या. आम्ही मूळचे दिंडोरीकडचे, आता नाशकात फ्लॅटमध्ये. आमच्याकडे ज्येष्ठा गौरीचा मुखवटा सुपात घेऊन घरातली मोठी सवाशीण दारापासून देवघरापर्यंत चालत येते. खाली रांगोळीची पावलं, दोन्ही हात सुपाला, आणि बाकीच्यांनी ताट-चमचे वाजवत कान किटवायचे. लग्न झाल्यापासून आईने हे एकदाही चुकवलं नव्हतं. त्या वर्षी मात्र ती दारातून तीन पावलं आली आणि डावीकडे अशी कलली, की आत्याने सूप धरलं, बाबांनी आईला धरलं, आणि दोघींची अब्रू थोडक्यात वाचली.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. द्राक्षबागेतल्या पन्नास माणसांना ती एका हाकेत हलवते. जेवणं झाल्यावर तिने निकाल दिला.

"सुमन, लय झालं आता. पुढच्या सालापासून वैशाली आणील गौर. तू आपली खुर्चीत बसून बघ."

वैशाली म्हणजे माझी बायको. ती घाईघाईने म्हणाली, "नको हो आत्या, आईंनाच आणू दे."

"आनू दे? आन् पडली म्हंजी? गौर बी गेली आन् खुबा बी गेला!"

आई काहीच बोलली नाही. आमची आई बोलत नाही तेव्हा इतरांनी सावध राहायचं असतं, हे बाबांना ठाऊक आहे. ते लगेच फिरायला निघून गेले.

यंदा जूनमध्ये आई फिजिओथेरपीच्या मॅडमसमोर बसली आणि म्हणाली, "मला भाद्रपदापर्यंत सूप घेऊन चालता आलं पाहिजे." मॅडमनी आजवर गुडघा ऐकला होता, कंबर ऐकली होती, सूप पहिल्यांदाच ऐकत होत्या.

त्यांनी आईला उभं करून डोळे मिटायला लावले. आई लगेच डुलायला लागली.

"बघा काकू, पाय निरोप देत नाहीत, म्हणून त्यांचं काम डोळे करतायत. आणि हातात सूप आलं की पाय दिसणारच नाहीत."

"मग?"

"मग मेहनत."

ओट्याला धरून टाचा उचलायच्या, एका पायावर उभं राहायचं, टाचेला बोटं टेकवत सरळ रेषेत चालायचं. रोज तळवे तपासायचे. आणि घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही.

इथे मात्र आई बिथरली. "घरात पायताण? स्वयंपाकघरात? देवासमोर?" शेवटी नवे कोरे कापडी बूट आणले, आईने त्यांना हळदकुंकू लावलं, आणि हे बूट उंबरठ्याबाहेर कधीही पडणार नाहीत असं देवाला सांगून टाकलं. (माझे बूट जिन्यात पावसात भिजतात. आईचे बूट देवघराशेजारच्या फडताळात राहतात.)

प्रशिक्षक म्हणून मी स्वतःची नेमणूक केली. मी बांधकामावर सुपरवायझर. दुसऱ्याने काम करावं आणि आपण समोर उभं राहून "सरळ, सरळ!" म्हणावं, यात माझी हयात गेली आहे. खरं तर आईला माझी काही गरज नव्हती. दूध तापेपर्यंत तिच्या वीस टाचा होत. एका पायावर आधी तीन आकडे जमले, मग पाच, मग दहा. दोन वेळा तोल जाऊन ओट्यावर कोपर आपटलं, तरी कोथिंबिरीची पुढची जुडी निवडायला घ्यावी तशी पुन्हा सुरुवात.

"आई, पाय दुखत नाही का गं?" मी एकदा विचारलं.

"दुखला असता तर बरं झालं असतं रे," ती म्हणाली, आणि दुसरा पाय उचलला.

मला भरून आलं. असं भरून आलं की मी काहीतरी उपयोगी करायला जातो आणि मग घोटाळा होतो.

सरळ रेषेत चालायला जागा हवी, म्हणून मी लिफ्टपासून आमच्या दारापर्यंतचा पॅसेज निवडला. एका रविवारी पहाटे लाइनदोरी ताणून रेघ आखली. आता त्यावर टाचेपुढे टाच अशी पावलं काढायची. मी काढलेली पावलं वांग्यांसारखी दिसत होती. तेवढ्यात मला वैशालीचा रांगोळीचा छाप आठवला, लक्ष्मीच्या पावलांचा! पंधरा मिनिटांत अठ्ठावीस सुबक पावलं उमटली आणि मी आईला बोलवायला आत गेलो.

आई बाहेर आली, थबकली, आणि तिने हात जोडले.

"चाल ना."

"लक्ष्मीच्या पावलांवर पाय देऊ? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"अगं, मीच काढलीत!"

"मग पूस बघू तूच."

मी फडकं घेऊन वाकलो आणि माझाही हात थांबला. इतकी वर्षं नास्तिक म्हणून मिरवलो, पण लक्ष्मीची पावलं पुसायची म्हणजे... आपण कशाला उगाच! झाडणाऱ्या बाई आल्या की त्यांना सांगू, असं म्हणून मी आत आलो.

तेवढ्या वेळात समोरच्या पाटीलकाकूंनी पावलांवर हळदकुंकू वाहिलं होतं. दूधवाला पाठ भिंतीला लावून आडवा सरकत आला. झाडणाऱ्या सखूबाईंनी झाडू खाली ठेवला. "म्या नाय पुसायची. तुमच्याकडं काय हाय ते उरकून घ्या." दुपारी दुसऱ्या मजल्यावरून तीन बायका आल्या. "कसलं व्रत आहे हो? आम्हाला सांगितलं नाहीत!" वैशालीने "बॅलन्सचं" असं खरं उत्तर दिलं, तर त्यांतल्या एकीने ते कसं करतात, उद्यापन कधी, असं सगळं विचारून घेतलं. संध्याकाळपर्यंत पावलांवर जास्वंदी, दूर्वा आणि दोन केळी!

सोमवारी मॅडम आईला बघायला घरी आल्या. लिफ्ट उघडताच त्यांना काय दिसलं? तिसऱ्या मजल्याची समस्त मंडळी पावलांच्या कडेकडेने, हात पसरून, एकामागे एक पाय टाकत चाललेली. ऑफिसला निघालेले पाटीलकाकासुद्धा.

"अरे वा," मॅडम म्हणाल्या, "इथे तर अख्खा मजलाच व्यायाम करतोय! काकू कुठायत?"

काकू आत होत्या. हॉलमधल्या दोन फरश्यांच्या सांध्यावर टाचेला बोटं टेकवत त्यांच्या तेरा फेऱ्या झाल्या होत्या. सरळ रेघ घरात आयतीच होती; सुपरवायझरला तेवढी दिसली नव्हती.

श्रावणात सूप आलं. आधी रिकामं, मग किलोभर तांदूळ घालून. नजर समोर, खाली बघायचं नाही. पहिल्या दिवशी निम्मे तांदूळ फरशीवर सांडले. आईने ते वेचले, पुन्हा भरले, पुन्हा चालली. मॅडमनी सांगितलं होतं की सोबतच्या माणसाने बाजूला, किंचित मागे राहायचं. बाबा तसे राहायचे, तोंडातून अवाक्षर न काढता, एक हात आईच्या कमरेपासून वीतभर लांब. दोघं अशी हॉलमध्ये फेऱ्या घालायची, आणि खरं सांगतो, माझ्या आईवडिलांना मी इतकं देखणं कधी पाहिलं नव्हतं.

गौरी आवाहनाचा दिवस उजाडला. आत्या दिंडोरीहून आली ती थेट म्हणाली, "वैशाली, सूप घे."

"आक्का," आई म्हणाली, "ज्येष्ठा मी आणते. वैशाली माझ्यामागे कनिष्ठा घेऊन येईल. पडले, तर पुढच्या वर्षी तुम्ही म्हणाल तिथे बसेन."

आत्याने बाबांकडे पाहिलं. बाबा आधीच आईच्या उजवीकडे, किंचित मागे जाऊन उभे होते.

मॅडमनी एवढ्या दहा मिनिटांसाठी अनवाणी चालायची परवानगी दिली होती, म्हणून मी पहाटेपासून गुडघ्यांवर फरशी चाचपत होतो. टाचणी नाही, खडा नाही. दारात वैशालीने आईच्या पायांवर दूध-पाणी घातलं आणि बोटांच्या फटीसुद्धा कोरड्या केल्या. ताट-चमचे सुरू झाले. आईने सूप उचललं. नजर समोर.

पहिलं पाऊल. दुसरं. तिसऱ्याला आत्याचा चमचा थांबला. चौथं पडलं!

आणि इथे माझ्यातला सुपरवायझर जागा झाला. मी आईच्या पुढे गेलो, गोलकीपरसारखे हात पसरले आणि उलटा चालत "सरळ, आई, सरळ!" असं ओरडू लागलो.

"बाजूला हो," बाबा म्हणाले. श्रावणापासून आईसोबत चालताना प्रथमच बोलले.

"मी आहे ना, काळजी करू नका!" असं मी म्हणालो, आणि देवघराच्या खोलीच्या संगमरवरी उंबरठ्याला (जो मीच जागेवर उभं राहून बसवून घेतला होता!) टाच अडकून धाडकन बसलो. दोन्ही तंगड्या गौरीच्या वाटेत आडव्या.

चमचे थांबले. वैशाली मागून ओरडली, "अहो, पाय!" मला ते ओढता येईनात, एक घोटा भलतीकडे वळला होता.

आई थांबली. तिला सुपाखालचं काही दिसत नव्हतं. बाबा हळूच म्हणाले, "उंबरठा आहे, आणि त्याच्यापुढे आपला मुलगा आहे. उंच घे."

आईने उजवा पाय उचलला. उंच. डाव्या पायावर उभी राहिली, त्याच पायावर, जो तिला काही कळवत नाही. सूप तसूभर हललं नाही. पाऊल माझ्या नडग्यांवरून पलीकडे अलगद टेकलं, मग दुसरं आलं, आणि ती देवघरापाशी पोचली.

"आली गं आली!" आत्या किंचाळली, "गौर आली, सोन्याच्या पावलांनी आली!" आणि ताट एवढ्या जोरात वाजवलं की त्याला पोचा आला. तिचे डोळे वाहत होते. माझेही वाहत होते, त्यात घोट्याचा वाटा निम्मा.

दुसऱ्या दिवशी हळदकुंकवाला मॅडम आल्या. आईला वाकून नमस्कार करून त्यांनी माझा घोटा बांधून दिला, आणि सूज उतरल्यावर करायला मलाही तेच व्यायाम सांगितले: टाचा, एक पाय, सरळ रेघ. कोपऱ्यात पाय वर करून बसलेल्या माझ्याकडे बघून एक पाहुण्या काकू कळवळल्या.

"अगं बाई, एवढ्या तरुण वयात! शुगर किती आहे हो यांची?"

आई पुरणपोळीचं ताट एका हातावर तोलत तिथून चालली होती. तिने थांबूनही पाहिलं नाही.

"त्याला शुगरबिगर काही नाही," ती म्हणाली. "तो पहिल्यापासूनच असा आहे."