नाशिकच्या पोटातला ज्वालामुखी

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. कारण या प्रकरणात मी अख्ख्या सोसायटीला घराबाहेर काढलं होतं!

मी अभ्यास करते ज्वालामुखीच्या बेटांचा. लांब कुठेतरी भूकंप झाला की त्याच्या लाटा जमिनीच्या पोटातून प्रवास करतात. खालचा खडक तापलेला असेल तर त्या रेंगाळतात. त्यावरून बेटाच्या खाली खोल काय दडलंय ते कळतं. आईला मी समजावलं होतं, "तू कलिंगड थापटून बघतेस ना, तसंच." त्यावर आई म्हणाली, "मग त्यासाठी बेटावर कशाला जायचं?"

तर बेटावर न्यायचं भूकंपमापक यंत्र मॅडमनी मला तपासायला दिलं. मॅडम म्हणजे पुण्याच्या माझ्या मार्गदर्शक. गंगापूर रोडला आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये विजेच्या मीटरची खोली आहे, तिथे मी ते ठेवलं आणि तिसऱ्या मजल्यावर, घरात, लॅपटॉपसमोर बसले.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी सव्वापाचला स्क्रीनवरची रेघ थरथरली. धप्‌ धप्‌ धप्‌, चांगली वीस मिनिटं! दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा!

आता नाशिकचा हा काळा खडक म्हणजे मुळात थिजलेला लाव्हाच. मग खाली अजून काही शिजत असेल तर? माझ्या डोळ्यांसमोर पेपरांत छापलेला माझा फोटो तरळायला लागला. एका यंत्रावरून धक्क्याची खोली काढता येत नाही, हे मीच ज्युनिअर मुलांना शिकवते. तरी वहीत ठोकून दिलं: खोली, दोनशे किलोमीटर!

आठवडाभराने मॅडमना फोन लावला.

"रविवारी पण होतं का गं हे?"

"नाही मॅडम. रविवारी एकदम शांत."

"म्हणजे ज्वालामुखीला साप्ताहिक सुट्टी?"

"विश्रांती घेत असेल, मॅडम."

मग त्या म्हणाल्या, "उद्या मी त्र्यंबकेश्वरला येतेच आहे. येते बघायला."

मी आईला फक्त एवढंच म्हटलं, की नाशिकच्या खाली काहीतरी हलतंय. आईने ते शेजारी सांगितलं. शेजारून ते सेक्रेटरी काकांकडे गेलं. त्यांनी ग्रुपवर टाकलं, "उद्या पाच वाजता सर्वांनी खाली जमावे. लिफ्ट वापरू नये." आमच्याकडे वार्षिक सभेला सात माणसं येतात. दुसऱ्या दिवशी चाळीस आली! एक काकू तर लोणच्याची बरणी कडेवर घेऊन उभ्या.

आई-बाबा तेवढे नव्हते. रविवार सोडून ते रोज पाचला फिरायला जातात. म्हटलं बरंच झालं, मोकळ्या मैदानात तरी आहेत!

मॅडम आल्या. सव्वापाच वाजले. धप्‌ धप्‌ धप्‌!

"आला, आला!" सेक्रेटरी काका किंचाळले आणि स्वतःच्याच स्कूटरवर आदळले.

सगळे जमिनीकडे बघत होते. मॅडम एकट्या छताकडे. छतातून चुन्याची भुकटी पडत होती, थेट त्यांच्या चष्म्यावर.

"वर कोण राहतं?"

"कोणी नाही. फ्लॅट रिकामा आहे, चावी आमच्या आईकडे असते," मी म्हणाले. आणि म्हणता म्हणता जिन्याकडे धावले.

आम्ही वर गेलो. दार नुसतं लोटलेलं. आत मोबाईलवर गाणं चालू. आई पदर खोचून गिरक्या घेतेय आणि गुडघ्याला पट्टा बांधलेले आमचे बाबा दोन्ही पायांवर उड्या मारतायत!

आम्हाला बघून बाबा थांबले. धापा टाकत विचारतात, "काय गं, झाला का भूकंप?"

"झाला बाबा! तुम्हीच केलात!"

"अगं, दादाच्या लग्नात संगीत आहे ना," आई लाजून पदर सोडत म्हणाली. "घरात सराव केला असता तर तू हसली असतीस."

मागे जिन्यात चाळीस माणसं. हसत कोण नव्हतं ते विचारा. लोणच्याच्या काकूंनी तर बरणी खाली ठेवून पोट धरलं.

मॅडमनी शांतपणे चष्मा पुसला. "वहीत खोली किती लिहिलीयस?"

"दोनशे किलोमीटर," मी पुटपुटले.

"खोड ते. उणे दहा फूट लिही. आणि खाली शेरा टाक. यंत्र उत्तम. संशोधक दुरुस्तीला पाठवणे."