फालेसीने हापसा उघडला

१४ ऑक्टोबर २०१६ रोजी चिम्वाला गावच्या पाणी समितीच्या डब्यात वर्गणीचे २३,४५० क्वाचा होते. खजिनदार फालेसी, हापसा उघडायचा गावातला एकमेव पानाही तिच्याकडेच. सात वर्षे हापशाच्या आतले दांडे ओढून काढायचे आणि झिजलेला वॉशर बदलायचा, हे काम तिनेच केले. आताही वॉशर गेला होता. शंभरदा हापसले तरी बादली भरेना. बाया गुरांच्या डबक्यावर पाण्याला जाऊ लागल्या.

त्याच दिवशी गावच्या मुखियाने, म्हणजे तिच्या सख्ख्या मामाने, डबा मागवून घेतला. हापसा देणाऱ्या संस्थेचे पाहुणे येणार होते. डब्यातल्या पैशांतून बोकड आला, कोंबड्या आल्या, सरबताच्या बाटल्या आल्या.

रीतीप्रमाणे गुडघे टेकून फालेसी म्हणाली, “मामा, वॉशर पंधराशेला येतो. तेवढे तरी ठेवायचे.”

“पाहुण्यांच्या ताटात काय वॉशर वाढू?” मामा म्हणाला. “डबक्यातून बादल्या भरून आणा, हापशाखाली ठेवा. फोटोत पाणी दिसलं म्हणजे झालं.”

“पोरांना जुलाब लागलेत.”

“ते फोटोत दिसत नाही.”

गुरुवारी जीप आली तेव्हा हापशाखाली एकही बादली नव्हती. फालेसीने हापसा उघडून दांडे सिमेंटच्या ओट्यावर मांडून ठेवले होते. झिजलेला वॉशर तिने थेट पाहुण्याच्या तळहातावर ठेवला.

पाहुणा बराच वेळ बोलला. दुभाष्याने थोडक्यात सांगितले, “वॉशरसाठी तरतूद नाही. यंदा शेजारी दोन नवे हापसे मंजूर आहेत.”

“मग त्यांचे वॉशर कोण बदलणार, विचार त्यांना,” फालेसी म्हणाली.

दुभाष्याने ते विचारलेच नाही. दोन नव्या हापशांच्या पैशांत तिथल्या पंचवीस गावांचे हापसे वर्षानुवर्षे चालले असते, पण वॉशरशेजारी उभे राहून फोटो कोण काढणार? पाहुण्यांनी सोबत आणलेली संस्थेच्या नावाची नवी पाटी रोवली, बोकड आणि मक्याच्या पिठाचा घट्ट न्सिमा खाल्ला आणि ते गेले.

फालेसी तशीच बाजाराच्या गावी चालत गेली.

“समितीला उधार नाही,” दुकानदार म्बेवे म्हणाला. “तुमच्या मुखियाची ख्याती आहे.”

“समितीला नको देऊस. मला दे.”

जवळचे तीनशे तिने त्याच्यासमोर ठेवले. दिवेलागणीआधी हापशाला पाणी आले. पहिली घागर मामाच्या घरून आली, आणि तिने ती भरूही दिली.

म्बेवेचे बाराशे क्वाचा फालेसीने अजून दिलेले नाहीत.