रेमूसभाऊ घर सजवतात

आमच्या जिन्याच्या तिसऱ्या मजल्यावर दोन दारं समोरासमोर आहेत. एक माझं, दुसरं रेमूसभाऊंचं. या गृहस्थांनी एकतीस वर्षं आमच्या रोमानियातल्या बाकाऊ शहरात घरोघरी फिरून विजेचे मीटर वाचले. निम्म्या गावाच्या उंबऱ्यात त्यांचा पाय पडलेला, पण कुणाकडे कसले पडदे होते हे विचारलं तर सांगता यायचं नाही. "मीटर दाराजवळ असतो, शेजारीणबाई, त्याच्यापुढे मी कशाला बघू?" असं वर मलाच विचारायचे. स्वतःच्या घरातही तोच प्रकार. त्यांच्या बायकोने, साबिनाने, लग्नात आणलेला हरणांचा गालिचा भिंतीवर टांगला, टीव्हीवर विणलेला रुमाल घालून त्यावर काचेचा मासा ठेवला, आणि भाऊ या दोघांच्या मध्ये चाळीस वर्षं सुखाने बसून राहिले.

साबिना गेली त्याला आता तीन वर्षं झाली. तेव्हापासून त्या घराचे पडदे उघडले नव्हते. एकेक दिवा गेला तसा गेलाच. भाऊ स्वयंपाकघरातल्या एका बल्बखाली जेवायचे, वाचायचे आणि मला वाटतं झोपायचेही तिथेच. मी पंचवीस वर्षं पडद्याच्या दुकानात शिवणकाम केलेली बाई. समोरचं दार उघडलं की मला आत बघवायचं नाही.

त्यांची मुलगी ओतीलिया नऊ वर्षं इटलीत, तुरीनला असते. तिथे एका म्हातारीला सांभाळते. दर रविवारी तिचा फोन येतो. हिवाळ्यात ती येऊन गेली तेव्हा घर बघून काही बोलली नव्हती, पण मे महिन्यातल्या एका रविवारी बोलली. "पंधरा दिवसांनी शनिवारी येतेय, बाबा. घर असंच अंधारकोठडी असेल तर बॅग भरून ठेवा. या खेपेला तुम्हाला घेऊनच जाणार."

फोन ठेवून भाऊ तडक माझ्या स्वयंपाकघरात आले. तोंड उतरलेलं.

"घर राहण्यासारखं दिसायला काय लागतं हो?"

"माणूस लागतो," मी म्हटलं.

"तो आहे. पुढचं सांगा."

"जा की तुरीनला. पोरगी आपणहून बोलावतेय."

"आणि तिथे काय करू? कुणाशी बोलू? इथे खाली झाडाखाली सोंगट्यांचा डाव आहे, गॅलरीत टोमॅटो आहेत, शनिवारी साबिनाच्या कबरीवर जाऊन दिवा लावायचा असतो. ती तिकडे सुखात आहे, तिच्या गळ्यात म्हातारा कशाला?" मग म्हणाले, "मला जायचं नाही, शेजारीणबाई. मला इथेच मरायचंय, पण इतक्यात नाही."

त्या दिवसापासून भाऊंना जे लागलं ते लागलंच. फोनवरच्या व्हिडिओत त्यांना कुठलीशी पोरगी सापडली, जी शंभर लेईंच्या खर्चात खोलीचा कायापालट करून दाखवते. मीटर वाचणारा माणूस, आकडा चुकू द्यायचा नाही ही सवय. तिचा शब्दन् शब्द वहीत उतरवला आणि उठता-बसता मला ऐकवायला लागले.

"ती म्हणते चारी भिंती रंगवायच्या नाहीत. एकच रंगवायची. स्वस्त पडतं आणि नजर ठरते."

"कोणता रंग?"

"हिरवा. पण लाजलेला हिरवा. हल्ली तोच चालतो म्हणे."

मंडईतून फळांची रिकामी खोकी आणली, घासून गुळगुळीत केली आणि एकावर एक रचून फडताळ केलं. साबिनाच्या लोणच्या-चटण्यांच्या बरण्यांना सुतळी गुंडाळून आत बारीक दिव्यांच्या माळा सोडल्या. तिच्या ठेवणीतल्या जाड सुती चादरी मला आणून दिल्या. त्यांचे मी पांढरेशुभ्र पडदे शिवले, आणि खरं सांगते, दुकानात असताना असे पडदे माझ्या हातून झाले नव्हते. हरणांचा गालिचा फेकायची वेळ आली तेव्हा मात्र भाऊ अडून बसले. सुदैवाने ती पोरगी म्हणाली की असले गालिचे आता पुन्हा फॅशनमध्ये आहेत, कोचाच्या पाठीवर टाका. हरणं भिंतीवरून कोचावर आली. माशाची जागा मात्र हलली नाही.

एका संध्याकाळी भाऊ फिरत्या विक्रेत्याकडून सुकवलेल्या गवताचे उंच तुरे घेऊन आले. मी मोजले तर चार.

"चार? सम संख्येत फुलं कुणाला देतात, विसरलात? मेलेल्याला."

"फुलं कुठायत? गवत आहे."

"एक काढून मला द्या."

"ती म्हणते चारच शोभतात," म्हणून त्यांनी ते चारही टेबलावर मधोमध उभे केले. मी तोंड फिरवून घेतलं. माणसाने सत्तरी ओलांडल्यावर विशीतल्या पोरीचं इतकं ऐकू नये, पण ऐकणार कोण माझं.

बुधवारी त्यांचा फोन रंगाच्या डब्यात पडला. पहिला हात देताना शिडीवरून खाली बघायला गेले आणि ती पोरगी लाजलेल्या हिरव्यात बुडाली. फोन दोन दिवस तांदळात पुरून ठेवला, उपयोग शून्य. ओतीलियाकडे माझा नंबर नव्हता. मी तो कुणाला देत नाही, दिला की लोक फोन करतात.

शुक्रवारी भिंतीला शेवटचा हात द्यायचा होता. खुर्च्या बाहेर जिन्याच्या मोकळ्या जागेत ओळीने मांडल्या. टेबल खोलीच्या मध्यावर ओढलं. भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, त्याचा सेल काढून ठेवला. दारासमोरचा मोठा आरसा हलेना, म्हणून मीच त्यावर पांढरी चादर टाकली. दाराची मूठ रंगाच्या हातांनी बरबटू नये म्हणून तिला टॉवेल बांधला. भिंत रंगवून झाल्यावर वास जावा म्हणून दार सताड उघडं ठेवलं आणि भाऊंनी त्या पोरीने सुचवलेली सुवासिक मेणबत्ती गवताच्या तुऱ्यांपाशी पेटवली. मग ते तळघरातून उरलेली खोकी आणायला उतरले आणि मी माझ्या घरी कोबीच्या पानांत खिमा वळायला बसले. शनिवारसाठी चांगलं मोठं पातेलं चढवलं होतं.

इतकं सगळं मी या दोन हातांनी केलं आणि माझ्या एकदाही लक्षात आलं नाही. आमच्याकडे आरसा केव्हा झाकतात, घड्याळ केव्हा बंद करतात, दाराला टॉवेल केव्हा बांधतात आणि खुर्च्या बाहेर कुणासाठी मांडतात हे मला पाळण्यात असल्यापासून ठाऊक आहे. घरात माणूस गेलं की.

वडील दोन दिवस फोन उचलत नाहीत म्हणून ओतीलिया घाबरली होती. मिळेल त्या गाडीत बसून ती एक दिवस आधीच आली.

मला आधी फक्त आवाज ऐकू आला. आमच्या बायका मेलेल्या माणसाशी मोठ्याने बोलतात, त्याला बोल लावतात, सूर लावून रडतात. तसा सूर होता तो. मला वाटलं, वरच्या मजल्यावर कुणी तरी गेलं. हातात कोबीचं पान तसंच धरून बाहेर आले, तर ओतीलिया त्या झाकलेल्या आरशापाशी जमिनीवर बसलेली, पाठ भिंतीला टेकलेली, आणि मेणबत्तीकडे बघून बोलत होती. वडिलांना चर्चमध्ये नेऊन ठेवलं असणार असंच ती समजली होती.

"मला न सांगता गेलात, बाबा. नेहमीसारखंच केलंत, काही न सांगता. आता रविवारी मी कुणाला फोन करू? तिकडे माझं घर आहे म्हणून सांगत आले ना, काही नाही हो तिथे. म्हातारीच्या स्वयंपाकघरामागे एक खाट आहे. तुम्ही आला असतात तर एखादी खोली घेतली असती. संध्याकाळी कुणासाठी तरी परतले असते. नऊ वर्षं दर रविवारी फोन ठेवताना वाट बघितली, एकदा म्हणाल, ये परत. एकदा म्हणायचं होतंत."

तिला थांबवायला मी कोबीचं पान धरलेला हात वर केला. तेवढ्यात मागे पायऱ्यांवर कुरकुर झाली. रेमूसभाऊ दोन खोकी छातीशी धरून उभे होते. किती वेळ, देव जाणे. पण डोळे भरलेले होते, म्हणजे पुरेसा वेळ. त्यांनी खोकी हळूच खाली ठेवली.

"ओतीलिया," ते म्हणाले, "त्या भिंतीला टेकू नकोस. ओली आहे."

ती किंचाळली, तिने छातीवर क्रुसाची खूण केली, मग उठून वडिलांच्या दंडावर दोन्ही मुठींनी मारायला लागली आणि मारता मारता त्यांच्या गळ्यात पडली. तिच्या काळ्या जाकिटाची पाठ हिरवीगार झाली होती.

"आरसा कुणी झाकला?" शेवटी तिने विचारलं.

"मी," मी म्हटलं.

"आणि घड्याळ, मावशी? खुर्च्या? मेणबत्ती?"

"ती व्हॅनिलाची आहे," भाऊ म्हणाले.

हसावं की माझा जीव घ्यावा हे तिला कळेना. शेवटी हसली.

घरात बसायला जागा नव्हती, म्हणून आम्ही तिघं बाहेरच्या खुर्च्यांवरच मांडीवर ताटल्या घेऊन जेवलो. मघाशी ती जे बोलली ते भाऊंनी ऐकलंय हे तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे भाऊंना. दोघंही खाली मान घालून कोबी खात होते. उघड्या दारातून पांढरे पडदे, बरण्यांतले दिवे आणि ती भिंत दिसत होती. ओतीलियाच्या पाठीचा ठसा सोडला तर भिंत झकास झाली होती.

"छान केलंत घर," ओतीलिया ताटलीकडे बघत म्हणाली. "आता तुम्हाला इथून हलवायला मला काही कारणच उरलं नाही. राहा तुम्ही."

झालं. याचसाठी दोन आठवडे शिडीवर चढउतार केली होती. आणि हे गृहस्थ काट्याने कोबी चिवडत बसले. मला इतका संताप आला की मी खुर्चीखालून त्यांच्या नडगीवर लाथ मारली.

"तुझी खोली राहिलीय," भाऊ म्हणाले. "सगळा पसारा तिथेच कोंबलाय."

"राहू दे. मी आठच दिवस आहे, कोचावर झोपेन."

"आठ दिवसांसाठी म्हणत नाही मी." त्यांनी ताटली खाली ठेवली. "मला वाटायचं तू सुखात आहेस. म्हणून कधी बोललो नाही. चूक झाली. ये परत. घरी ये."

"आणि काम, बाबा? इथे काय करू?"

"म्हाताऱ्या इथेही आहेत. ही बघ, एक समोरच बसलीय."

दुसरी वेळ असती तर मी पातेलं उचलून घरात निघून गेले असते. ओतीलियाने हाताच्या पाठीने नाक पुसलं.

"रंग कोणता लावू?" भाऊंनी विचारलं.

तिने अंगातलं जाकीट काढून पुढ्यात धरलं आणि त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

"हिरवा नको," ती म्हणाली.