नळकाका आणि गिटारचा दांडा

आमच्या केनवडचे नळकाका पान्याने ऐकायचे. रस्त्याखाली पाइप नेमका कुठे फुटलाय हे शोधायचं असलं की हातभर लांब लोखंडी पान्याचं एक टोक ते पाइपावर टेकवत, दुसरं कानामागच्या हाडाला लावत आणि डोळे मिटून घेत. तेवढ्यात कुणी तोंड उघडलंच, तर डोळे न उघडता म्हणत, “गप राहा न बाप्पा, पानी बोलून राह्यलं.” मग दहा पावलं चालत जात आणि टाचेने खूण करत, “खंदा इथं.” बरोबर तिथेच चिखल लागे.

गावाला पाणी सोडणं हे त्यांचं ग्रामपंचायतीतलं काम. नाव काहीतरी होतं, पण ते बहुधा पगारपत्रकापुरतंच. नळाच्या आट्यांवर गुंडाळतात त्या पांढऱ्या टेपचं रीळ त्यांच्या खिशात कायम असे. लग्नातल्या नव्याकोऱ्या सदऱ्याच्या खिशालाही तो गोल फुगवटा दिसायचा आणि काकू कपाळाला हात लावायच्या.

त्यांचा एक मंत्र होता. “ढिल्लं असन त आवळू नोको. आवळल्यानं आटे मरतेत. फट भरून काढ.” हा मंत्र ते माणसांनाही लावत. आमच्या आळीतले दोघे भाऊ पाण्याच्या पाळीवरून अबोला धरून बसले होते. सगळ्या गावाने त्यांना दटावून पाहिलं. नळकाकांनी एकाच्या हातात पाइपाचं हे टोक दिलं, दुसऱ्याच्या हातात ते, आणि व्हॉल्व्ह सोडला. पाइप उसळायला लागल्यावर “धर!” “तू धर!” म्हणता म्हणता दोघं बोलते झाले. “सारे आवळूनच राह्यले होते,” काका म्हणाले.

माझी त्यांच्याशी गाठ मात्र पडली ती गिटारमुळे. मी तेव्हा कॉलेजात होते आणि गावच्या भीमगीतांच्या पार्टीत इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. पार्टीत मी एकटीच मुलगी. ही गिटार माझ्याकडे आली तेव्हाच दोन हात फिरून आली होती. तिच्या तारांपाशी एक वाकडा दांडा असतो. तो दाबला-सोडला की सूर थरथरतो. माझ्या गिटारच्या दांड्याचे आटे झिजले होते. सोडला की तो खाली लोंबकळे, आणि ऐन वेळी चाचपडत शोधावा लागे.

किन्हीराजा गावच्या कार्यक्रमात त्याने कळसच केला. गाणं रंगात आलेलं, मी दांडा धरून सूर हलवला आणि तो निसटून थेट पहिल्या रांगेत गेला. एका म्हाताऱ्या आजोबांनी उठून तो दोन्ही हातांनी स्टेजवर ठेवला आणि माइकमध्ये ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “बाई, तुह्या मशीनचं हँडल पडलं.” लोक हसले. मीही हसले, पण घरी येऊन रडले.

आमचे पार्टीप्रमुख गुरुजी भले माणूस, तरी म्हणाले, “पोरी, पुढचा कार्यक्रम आपल्याच गावात, जयंतीचा. पुन्हा असं झालं त आपन कीबोर्डवरच भागवू.” म्हणजे मला घरी बसवू. माझ्या भावाने लगेच पक्कड आणली आणि दांडा असा काही पिळला, की उरलेसुरले आटेही गेले. मग तो गोंदाची नळी घेऊन आला. मी गिटार उचलली आणि तडक पाण्याच्या टाकीकडे पळाले.

नळकाका टाकीच्या सावलीत डबा खात होते. हात धुतले, गिटार मांडीवर घेतली आणि डॉक्टरसारखं विचारलं, “कवापासून असं करून राह्यली थे?” मी सगळं सांगितलं. “अन् हा दांडा कायले असते?” मी तार छेडून दांडा दाबून दाखवला. सूर हेलकावला. काका चमकले. “म्हंजे सुराले गहिवर आनाले?” दांड्याचं काम इतकं नेमकं मला त्याआधी कुणी सांगितलं नव्हतं आणि नंतरही सांगितलं नाही.

त्यांनी दांडा बाहेर काढला, फुंकला आणि आट्यांवर टेप गुंडाळला. अडीच वेढे. “ज्या बाजूनं आटा बसते त्याच बाजूनं गुंडाळाचं. उलटा गुंडाळला त बसोतानी सुटते अन् गोळा होते.” मग हलक्या हाताने फिरवत बसवला. दांडा जिथे सोडला तिथेच थांबला. मी तो वर नेला, खाली नेला, दहा वेळा नेला. “पुरे व,” ते म्हणाले, “झिजवतं का आता?”

जयंतीच्या संध्याकाळी काका स्टेजच्या बाजूला, निळ्या कमानीखाली उभे होते, उजवा हात खिशात. रीळ तयारच! शेवटच्या गाण्यात मी डोळे मिटून दांडा दाबला आणि सूर असा गहिवरला, की पुढच्या बाया एकदम गप्प झाल्या. दांडा जागचा हलला नाही. गुरुजींनी कीबोर्डवरून मान डोलावली. मी पाहिलं तर काकांचा हात खिशातून बाहेर आला होता आणि ते टाळ्या वाजवत होते, सगळ्यांच्या आधी, चुकीच्या जागी.

पुढे मला आसेगावला शाळेत नोकरी लागली. तरी दर जयंतीला केनवडला यायचं, आणि आधी टाकीवर जायचं. “काका, दांडा पुन्हा ढिला झाला.” काका टेप बदलून देत. आता ते निवृत्त झालेत, कानही गेलेत. काकूंना त्यांच्याशी ओरडून बोलावं लागतं. यंदा त्यांच्या घरी गेले तेव्हा मनात म्हटलं, यांना काय ऐकू येणार? पण काकांनी खाटेखालून तो जुना पाना काढला, एक टोक गिटारच्या लाकडावर टेकवलं, दुसरं कानामागे लावलं. “वाजव.”

मी वाजवलं. ते डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले. चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. मग एकदम भुवया आक्रसल्या.

“कटकट करून राह्यला दांडा,” ते म्हणाले. बाहेर काढून पाहिला. टेपचा गोळा झाला होता. “उलटा गुंडाळला तू. यंदाबी.”

यंदाबी! म्हणजे इतकी वर्षं त्यांना ठाऊक होतं. शाळेत मुलांना बरोबर-चूक शिकवणारी मी, दर वर्षी निघायच्या आदल्या दिवशी टेप मुद्दाम उलटा गुंडाळत होते, हे त्यांना पहिल्यापासून कळत होतं. काकूंकडे पाहिलं तर त्या पदराआड हसत होत्या.

काकांनी खिशात हात घातला, रीळ काढलं आणि अडीच वेढे मोजून गुंडाळले. “पुढच्या सालीबी ढिल्लाच आनजो,” ते म्हणाले.